लेकीच्या आयरिश कपड्यांचा कागद

ताई, नमस्कार.
आम्ही मूळचे सांगलीचे. मिस्टरांच्या नोकरीमुळे आता आयर्लंडमध्ये कॉर्कला असतो. लेक साडेचार वर्षांची आहे, सप्टेंबरपासून इथल्या शाळेत ज्युनिअर इन्फंट्सला, म्हणजे प्राथमिकच्या पहिल्या वर्गाला, जाते. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, पण आयरिश रोज असतं. गेल्या आठवड्यात दप्तरातून एक कागद आला. त्यावर कपड्यांची चित्रं, प्रत्येक चित्राखाली आयरिश शब्द आणि 'घरी सराव घ्या' एवढीच सूचना. मी तो फ्रिजवर चिकटवला आणि रोज संध्याकाळी तिला समोर बसवून वाचून दाखवायला लागले. स्वेटरच्या चित्राखालचा शब्द मी 'जीन्साई' असा वाचला, तर ती रडायलाच लागली. 'आई, टीचर असं नाही म्हणत!' आता कागद दिसला की पळून जाते. मिस्टर म्हणतात, सोडून दे ते आयरिश, इथल्या लोकांनाही येत नाही. आणि निम्मे शब्द तर इंग्रजीच आहेत, शेवटी नुसता 'आ' लावलाय. सासूबाईंना वेगळीच काळजी. इंग्रजी झालं, आता आयरिश, मग मराठी कधी? मला स्वतःला वाटतं की जिथे राहतो तिथली भाषा लेकीला यावी. पण मलाच एक शब्द येत नसताना मी शिकवू कशी? एवढ्या लहान मुलांना कपड्यांचे शब्द शिकवायची काही पद्धत असते का?
— एक आई, कॉर्क

नमस्कार.

आधी तो कागद फ्रिजवरून काढा. फाडू नका, कपाटात नीट ठेवा, पुढे उपयोगी पडेल. साडेचार वर्षांच्या मुलीला कागदासमोर बसवून कपड्यांचे शब्द येत नसतात. चित्राखालची अक्षरं तिच्यासाठी नाहीतच, ती तुमच्यासाठी आहेत. आयरिश लिहितात रोमन लिपीत, पण त्या लिपीचे त्यांचे नियम वेगळे. इंग्रजीच्या सवयीने वाचलं की 'जीन्साई' होणारच. खरा उच्चार 'ग्यान्सी'. तुमची लेक रडली, कारण टीचरचा शब्द तिच्या कानात पक्का बसलाय आणि आई तो मोडतेय असं तिला वाटलं. मला तर यात आनंदाचीच गोष्ट दिसते. शाळेने अर्धं काम केलेलं आहे. शब्द कानात आहे, तो आता तोंडात यायला हवा, आणि त्यासाठी घरासारखी जागा नाही.

मी बरीच वर्षं आयरिश बालवाडीत काम करते. इथे तिला 'नीनरा' म्हणतात. तिथे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी आयरिश बोलत नाहीत. कुणाच्या घरी इंग्रजी, कुणाच्या पोलिश, कुणाच्या मल्याळम. तरी दिवाळीच्या सुमारापर्यंत ही मुलं कपड्यांचे सात-आठ शब्द सहज बोलायला लागतात. ते कसं होतं, हे बघायचं तर कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी उभं राहावं. बाहेर खेळायला जायची वेळ झालेली असते. एकाची बाही उलटी, एकीची चेन मध्येच अडकलेली, एकाने डावा बूट उजव्या पायात घातलाय आणि तो तसाच दाराकडे निघालाय. अशा गोंधळात बाई एकेकापाशी वाकतात आणि कोट पुढे धरून म्हणतात, 'क्विर ऑर्त द खोतं.' तुझा कोट घाल. मूल हात बाहीत घालतं. कुणी त्याला अर्थ विचारत नाही, कुणी 'माझ्यामागून म्हण' असं सांगत नाही. परत आल्यावर, ओले कोट काढताना, 'बन दीत द खोतं.' तुझा कोट काढ. रोज तेच, त्याच जागी, त्याच क्रमाने. कॉर्कसारख्या गावात पाऊस इतका, की कोट घालायच्या सरावाला तोटा नाही. आणि मग एके दिवशी कोपऱ्यात बाहुलीशी खेळणारी मुलगी बाहुलीला दटावताना ऐकू येते, 'क्विर ऑर्त द खोतं!' शब्द तिचा झाला तो त्या वेळी. चित्र दाखवून 'हे काय?' असं विचारून तो झाला नसता.

म्हणून माझा मुख्य सल्ला एवढाच: नामांपासून सुरू करू नका, क्रियापदापासून करा. 'कोट म्हणजे कोतं, बूट म्हणजे ब्रोगं' अशी जोडी लावत बसलात तर मुलाला दोन याद्या पाठ होतात, आणि याद्या आठवड्याभरात विसरल्या जातात. 'घाल' आणि 'काढ' ही दोन वाक्यं घ्या आणि कपडे त्यांत येऊ द्या. तुम्ही रोज सकाळी मराठीत 'चल, कोट घाल, बूट घाल, उशीर होतोय' म्हणताच. त्यातली दोन वाक्यं आयरिशमध्ये म्हणायची. त्यासाठी वेगळा वेळ काढायची गरजच नाही. संध्याकाळची शिकवणी बंद.

ही वाक्यं मराठी माणसाला पटकन का जमतात तेही सांगते. 'क्विर' म्हणजे ठेव, 'ऑर्त' म्हणजे तुझ्यावर. कोट घालणं म्हणजे आयरिशमध्ये कोट स्वतःवर ठेवणं. मी कोट घातलाय, हे सांगायचं तर 'ता कोतं ऑरम', माझ्यावर कोट आहे. कपडा माणसाच्या अंगावर असतो, ही कल्पना आपल्याला कुठे नवी आहे? आपणही अंगात सदरा, पायात वहाणा, डोक्याला टोपी असंच म्हणतो. पुढे टीचर 'ता ऑकरस ऑरम' शिकवतील, म्हणजे भूक माझ्यावर आहे. आपण म्हणतो, मला भूक लागली. दोन्हीकडे भूक माणसाकडे येते. इंग्रजीत माणूस स्वतःच भुकेला असतो. तेव्हा इंग्रजीच्या वाटेने जाऊ नका. 'कोट म्हणजे अमुक आणि त्याचं आयरिश तमुक' असा तिहेरी प्रवास मुलीला करायला लावू नका. थेट कोट दाखवा आणि थेट आयरिश वाक्य बोला. ते वाक्य संपलं की थेट मराठी.

आता उच्चार. तुम्हाला याची सगळ्यात जास्त भीती वाटतेय, पण मला तर वाटतं तुम्ही इथल्या कित्येक पालकांच्या दोन पावलं पुढे आहात. आयरिशमधला जाड 'त' आणि जाड 'द' दातांना जीभ लावून उच्चारतात, अगदी आपल्या त-द सारखा. इंग्रजी वळणाची जीभ तिथे 'ट' आणि 'ड' म्हणते. तुम्ही 'कोटा' म्हणू नका, बिनधास्त 'कोतं' म्हणा. कपड्यांना मिळून जो शब्द आहे तोही 'एदी', 'एडी' नव्हे. शब्दाच्या शेवटी जो अस्पष्ट स्वर येतो तो आपल्या 'केलं', 'गेलं' मधल्या शेवटच्या स्वरासारखा आहे, म्हणून मी तो अनुस्वार देऊन लिहितेय. नाकातून काही काढायचं नाही. एकच आवाज थोडा सवयीचा आहे. 'द खोतं' मधला 'ख' आपल्या खडूतला नाही. उर्दू गझल गाणारा 'ख़बर' म्हणताना घशातून जो घासून काढतो, तो. दोन दिवस जमणार नाही, मग जमेल.

आयरिशच्या तीन मुख्य बोली आहेत: मन्स्टर, कॉनॉक्ट आणि अल्स्टर. कॉर्क मन्स्टरमध्ये येतं. मन्स्टरमध्ये शेवटच्या दीर्घ स्वरावर जोर पडतो, म्हणून टोपीला तुमच्याकडची बाई 'कापीऽन' असं लांबवून म्हणेल. तीच बाई कॉनॉक्टमधल्या गॉलवेकडची असेल तर 'काऽपीन' म्हणेल. दोन्ही बरोबर. 'त्यांगलन' या नावाचं आयरिश शब्दकोशांचं संकेतस्थळ आहे, आयरिशसाठी काम करणाऱ्या 'फोरस न गेल्गे' या संस्थेचं. त्यात हजारो शब्दांचे उच्चार तिन्ही बोलींत ऐकता येतात, फुकट. रात्री लेक झोपल्यावर दोन शब्द ऐका आणि सकाळी वापरा. तेवढी तयारी पुरते. आणि टीजी ४ या आयरिश वाहिनीने २०२३ मध्ये मुलांसाठी 'कूला ४' ही वेगळी वाहिनी सुरू केली. टीव्ही लावायचाच असेल तेव्हा ती लावा, अर्थ कळो न कळो.

शब्द किती? कागदावर बरीच चित्रं असतील, पण सुरुवातीला फक्त तेच घ्या जे तिच्या अंगावर रोज असतं: 'ग्यान्सी' (शाळेचा स्वेटर), 'कोतं', 'ब्रोगं' (बूट), 'स्तॉकी' (मोजे) आणि 'हातं' किंवा 'कापीन' (टोपी). पाच झाले. हे जिभेवर आले की 'ब्रीश्त्यं' (पँट), 'श्किर्तं' (स्कर्ट), 'गूनं' (फ्रॉक) आणि 'लेन्यं' (शर्ट). टाय, सूट, कमरपट्टा असले शब्द कागदावर असतील तर असू देत. जो कपडा मुलीने कधी अंगावर घातला नाही त्याचा शब्द तिच्या तोंडात टिकणार नाही. रात्रीसाठी मात्र एक शब्द जरूर घ्या, 'पिचामी'. म्हणजे आपला पायजमा! फारसीतून हिंदुस्थानीत, तिथून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आयरिशमध्ये पोहोचलेला. झोपायच्या वेळी 'क्विर ऑर्त द फिचामी' म्हणायला मुलांना फार आवडतं.

इथे तुमच्या मनात शंका येईल. 'पिचामी'चं 'फिचामी' कसं झालं, आणि 'कोतं'चं 'खोतं'? आयरिशमध्ये माझा, तुझा असं म्हटलं की पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजन बरेचदा मऊ पडतं. ब चा व होतो, 'ब्रोगं' पण 'म व्रोगं', माझे बूट. 'ग्यान्सी' पण 'म यान्सी'. याला 'शेवू' म्हणतात. लिहिताना पहिल्या अक्षरापुढे एच येतो, म्हणून ते शब्द कागदावर इतके अवघड दिसतात. 'स्तॉकी' आणि 'हातं' मात्र बदलत नाहीत, 'म स्तॉकी', 'म हातं'. आणि बघा काय होतं: 'अ खोतं' म्हणजे त्याचा कोट, 'अ कोतं' म्हणजे तिचा, 'अ गोतं' म्हणजे त्यांचा. तो छोटा 'अ' तिन्हीकडे सारखाच. कोट कुणाचा हे शब्दाच्या पहिल्या आवाजावरून कळतं.

हे मी तुम्हाला सांगितलं, मुलीला सांगू नका. एक शब्दही नको. तुम्ही तिला कधी सामान्यरूप शिकवलंय? सदरा पण सदऱ्याला, टोपी पण टोप्यांना, मोजे पण मोज्यांत, हे ती बोलते ना? आपले शब्द शेपटाकडून बदलतात, आयरिश शब्द तोंडाकडून. ऐकून ऐकून मूल ते उचलतं, आणि शब्दाला रूपं असतात याची मराठी मुलाला जन्मापासून सवय असते. रंगांचंही तसंच. पांढरा कोट, पांढरी टोपी, हा फरक आपल्याकडे आहे आणि आयरिशमध्येही आहे: 'कोतं बान' पण 'लेन्यं वान'. रंग मात्र तिथे मागून येतो. लाल कोट म्हणजे 'कोतं द्यारग'. कपड्यांचे शब्द रुळेपर्यंत रंगांची घाई करू नका. दोन्ही एकदम घेतलं की मुलं रंगातच अडकतात, कारण रंगाचं नाव त्यांना इंग्रजीत आधीच येत असतं आणि तेच तोंडावर येतं.

खेळांबद्दल विचारलं नाहीत, पण खेळांशिवाय हे होणार नाही. मला सगळ्यात आवडतो तो सकाळच्या धांदलीत आपोआप होणारा खेळ. लहान मुलाच्या घरात एक बूट नेहमी हरवलेला असतो. 'का विल अन व्रोग एल्यं?' दुसरा बूट कुठाय? हे वाक्य तुम्ही खऱ्या गरजेने विचाराल, ती खऱ्या गरजेने शोधेल, आणि सापडला की विजयाने ओरडेल. ओरडताना 'ब्रोग' म्हणाली तर काम झालं. 'बूट' म्हणाली तरी काही बिघडत नाही, तुम्ही तो हातात घेत 'ब्रोग!' म्हणा आणि पायात चढवा. मोज्यांनाही हेच चालतं. एक बूट 'ब्रोग', दोन बूट 'ब्रोगं', हा एकवचन-अनेकवचनाचा भेद या एका हरवण्यात किती सहज येतो बघा.

दुसरा खेळ शाळेत बहुधा आधीच चालू असेल, 'देर ओ ग्रादी'. ओ ग्रादी म्हणतो, असा त्याचा अर्थ. ओ ग्रादीचं नाव घेऊन आज्ञा दिली तर पाळायची, नाव न घेता दिली तर गप्प उभं राहायचं. 'देर ओ ग्रादी, क्विर ऑर्त द हातं!' सगळे टोपी घालतात. नुसतं 'बन दीत द हातं' म्हटल्यावर ज्याने काढली तो बाद. पलंगावर घरातले सगळे कपडे ओता, बाबांचा स्वेटर, आईची ओढणी, सगळं चालेल. मुख्य म्हणजे ओ ग्रादी लेकीला होऊ द्या. आज्ञा देणाऱ्याला बोलावंच लागतं, आणि आईबाबांना हुकूम सोडायची संधी कुठलं मूल सोडेल?

कपडे वाळत घालतानाही हेच. इथे घरोघरी रेडिएटरवर किंवा घडीच्या स्टँडवर कपडे वाळत असतात. एकेक मोजा तिच्या हातात द्यायचा, नाव घेत अडकवायचा. धुतलेल्या ओल्या कपड्याचा वास, वजन, थंडगार स्पर्श हे सगळं त्या शब्दाला चिकटतं.

तुमच्या मिस्टरांच्या म्हणण्याला मी उडवून लावणार नाही, कारण त्यांच्या दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. 'कोतं', 'हातं', 'श्किर्तं', 'गूनं' हे शब्द इंग्रजीतून आलेलेच आहेत. पण त्यांना विचारा, आज त्यांनी अंगात काय घातलंय? शर्ट, पँट, स्वेटर, बूट. या शब्दांनी मराठी कमी मराठी झाली नाही. शब्द उसने आले आणि आपल्या व्याकरणात नांदले. 'शर्टाला बटण लाव' हे अस्सल मराठी वाक्य आहे. तसंच 'ता कोतं ऑरम' हे अस्सल आयरिश आहे. आणि सगळे शब्द उसने नाहीतच. 'लेन्यं' फार जुना. पूर्वी आयरिश माणसं लांब तागाचा अंगरखा घालत, त्याचं हे नाव, आणि तो केशराने रंगवायची चाल होती. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या काळात, १५३७ साली, इथल्या संसदेत कायदा झाला: केशरी अंगरखे घालायचे नाहीत, पोशाख इंग्रजी पद्धतीचा ठेवायचा, भाषाही इंग्रजी. माणसांचे कपडे आणि बोली एकाच कायद्याने बदलायला निघालेल्या सत्तेला तो शब्द काही पुसता आला नाही. तुमच्या लेकीच्या कागदावर, शर्टाच्या चित्राखाली, तो आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

इथल्या लोकांना आयरिश येत नाही, हेही त्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. २०२२ च्या जनगणनेत तीन वर्षं आणि त्यावरच्या १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येतं असं सांगितलं. शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले ७१,९६८. ज्युनिअर इन्फंट्सपासून शाळा संपतानाच्या लीव्हिंग सर्ट परीक्षेपर्यंत विषय असूनही एवढेच. मी या आकड्यांतून वेगळा अर्थ काढते. शाळेत शिकलेली भाषा घराच्या दारातून आत आली नाही की तिचं असं होतं. तुम्ही सकाळी दाराशी उभ्या राहून दोन वाक्यं बोललात, तर कित्येक आयरिश घरांत जे होत नाही ते तुमच्या घरात होईल. शिवाय लेकीला प्राथमिक शाळेची आठही वर्षं हा विषय असणारच आहे. १९९९ च्या प्राथमिक अभ्यासक्रमाने आयरिशसाठी दहा विषय ठरवले, मी स्वतः, घर, शाळा, खाणं, टीव्ही, खरेदी, छंद, कपडे, हवामान आणि सणसमारंभ. २०१९ मध्ये भाषेचा अभ्यासक्रम नव्याने आला, तरी शिक्षक आजही याच विषयांच्या आधाराने शिकवतात. म्हणजे कपडे दर वर्षी परत येणार, थोडे वाढून. यंदा सगळं आलंच पाहिजे असं अजिबात नाही. पाच शब्द हसतखेळत आले तर हे वर्ष भरून पावलं. आणि मिस्टरांना सामील करून घ्यायचं असेल तर हर्लिंगच्या, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, सामन्याचा दिवस निवडा. कॉर्कच्या संघाच्या लाल जर्सीलाही इथले लोक ग्यान्सीच म्हणतात, इंग्रजी बोलतानासुद्धा.

सासूबाईंची काळजी मला सगळ्यात जवळची वाटली. दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं काही काळ शब्दांची सरमिसळ करतात, 'आई, माझा कोतं दे' म्हणतात, आणि मोठ्यांना वाटतं मूल गोंधळलं. गोंधळलेलं नसतं. हाताशी आला तो शब्द ते वापरतं, आणि समोरच्याला काय कळतं हे ओळखून हळूहळू वेगळं करायला शिकतं. मराठीला धोका आयरिशच्या पाच शब्दांचा नाही. धोका आहे तो आपणच घरात मराठी पातळ करत नेतो त्याचा. कपड्यांचंच बघा. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना 'घालणं' हे एकच क्रियापद उरतं. साडी घालते, शाल घालते, फेटा घालतो. आपल्याकडे साडी नेसतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात. हे सगळं त्याच आठवड्यात तिला द्या, ज्या आठवड्यात शाळेत कपडे चालू आहेत.

आणि हे काम सासूबाईंवर सोपवा. व्हिडिओ कॉलवर त्यांना म्हणावं, कपाट उघडा. नऊवारी काढून दाखवा, कासोटा कसा घालतात ते दाखवा, तिच्या बाबांचं लहानपणचं झबलं किंवा कुंची जपून ठेवली असेल तर तीही. लेक आपला ग्यान्सी दाखवेल, आजी तिची शाल दाखवेल. आजीने 'ग्यान्सी' म्हणून बघावं आणि नातीने ते दुरुस्त करावं. नातीला आजीची टीचर होता आलं की तिला त्या शब्दाची लाज किंवा धास्ती राहणार नाही. पाडव्याला परकर-पोलकं घालाल तेव्हा ते आयरिशमध्ये काय म्हणतात हे शोधत बसू नका. 'ता परकर-पोलकं ऑरम.' शाळेत जाऊन तिने हे वाक्य म्हटलं तर टीचर खूश होतील, मी लिहून देते.

राहिला तुमचा प्रश्न, मला येत नसताना मी शिकवू कशी. आयरिशमध्ये लोक नेहमी म्हणतात की चतुर इंग्रजीपेक्षा मोडकी आयरिश बरी. तुमची आयरिश मोडकी असू द्या. पण तुमच्या घरात एक अडचण खरी आहे: लेकीला मोडका शब्द सहन होत नाही. तर मग तिलाच पुढे करा. कोट हातात धरा आणि विचारा, 'टीचर कोट घालताना काय म्हणतात ग? मला येत नाही, तू सांग.' ती सांगेल तसं म्हणा. चुकलात तर ती सुधारेल, पुन्हा म्हणा. तुम्ही शिकत आहात हे तिने पाहावं. मात्र तिचं चुकलं तर 'चूक' म्हणू नका. 'कोतं' च्या जागी 'कोट' म्हणाली तर पुढच्या वाक्यात तुम्ही 'कोतं' वापरा आणि सोडून द्या. पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव बाळा' हे तर कधीच नको. रडून झालेल्या मुलीला पुन्हा परीक्षेला बसवल्यासारखं होतं ते. पुढचा आठवडाभर शाळेच्या आयरिशचा विषय तुम्ही स्वतःहून काढूच नका, फक्त सकाळी दाराशी 'क्विर ऑर्त द खोतं' एवढं एकच वाक्य म्हणत जा. उत्तर आलं तर छान, नाही आलं तरी कोट घालून निघा.

आणि शाळेच्या फाटकापाशी टीचरना गाठा. पालकांनी आयरिशबद्दल काही विचारलं की त्यांना बरंच वाटतं, कारण विचारणारे थोडे असतात. कागदावरचे पाच शब्द आणि ती दोन वाक्यं त्यांच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून द्या म्हणावं, मिनिटभराचं काम आहे. लेक रडली हेही सांगा, वर्गात तिला कोट वाटायचं किंवा खुंटीवर अडकवायचं काम त्या देतील. आणखी एक नक्की विचारा: हातमोज्यांना त्या काय म्हणतात? काही जण 'मितोगं' म्हणतात, काही जण आपल्या लावणीसारखा ऐकू येणारा 'लावनी' हा शब्द वापरतात. दोन्ही चालतात, पण थंडी सुरू व्हायच्या आत विचारून ठेवा आणि घरी तोच वापरा.